दार बंद, खोली भरलेली

दार लावलेलं असतं. आतून खिदळण्याचा आवाज येतो आणि मग एकदम चिडीचूप. तुम्ही बाहेरून विचारता, "कोण आहे गं आत?" उत्तर येतं, "कुणी नाही."

हे उत्तर धड खोटं नसतं, धड खरंही नसतं. खोलीत माणूस एकच आहे. पण उशीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये चौघीजणी आहेत. दोघी बोलताहेत, तिसरी कॉल चालू ठेवून मुकाट गणितं सोडवते आहे, आणि चौथीनं कॅमेरा छताकडे करून ठेवलाय. ती जागेवर आहे की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. ही खाती रोखायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. मुलांना किंवा पालकांना दंड नाही. तेव्हापासून ‘आपणही असंच करावं का’ हा वाद ठिकठिकाणी झडतो आहे, आणि तो बहुतेक वेळा फोनभोवतीच घुटमळतो. द्यावा की काढून घ्यावा, किती तास द्यावा, कोणतं अ‍ॅप चालेल. त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र राहूनच जातो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला दार लावून घ्यावंसं वाटतं ते का? आणि दार लावल्यावर आत चालतं काय? फोन नव्हता तेव्हाही दार लागत होतंच.

## दार आधीही लागायचं

मुलाला स्वतःची खोली असणं ही माणसाच्या इतिहासात अगदी कालपरवाची गोष्ट आहे. शतकानुशतकं बहुतेक कुटुंबं एकाच छताखाली, बरेचदा एकाच खोलीत जेवली, झोपली आणि भांडली. युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी वेगळ्या खोल्या दिसू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं मोठी झाली, घरातली मुलं कमी झाली, तशी ही चैन मध्यमवर्गात उतरली. त्याच सुमाराला, १९५४ मध्ये, पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. बैठकीच्या खोलीतल्या भल्यामोठ्या रेडिओवर काय लागणार हे मोठी माणसं ठरवायची. हा नवा रेडिओ पांघरुणात नेता येत होता. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि मग तर शेजारी बसलेल्या माणसालाही कळेना की पोराच्या कानात काय चाललंय. प्रत्येक वेळी मोठ्यांची तक्रार तीच होती: पोरगं घरात असून घरात नसतं.

१९७६ साली अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर या अभ्यासकांनी ब्रिटनमध्ये एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. तरुणांच्या टोळ्या, त्यांचे कपडे, त्यांचं संगीत यांवर तोवर बरंच लिहिलं गेलं होतं. पण ते सगळं रस्त्यावर दिसणाऱ्या मुलग्यांबद्दल होतं. मग मुली कुठे होत्या? घरात होत्या. रात्री बाहेर राहायची मुभा नाही, हातात पैसे कमी आणि घरकामाचा वाटा डोक्यावर. त्यांनी आपलं जग झोपायच्या खोलीत उभं केलं. भिंतीवर आवडत्या गायकाचं पोस्टर, एक रेकॉर्ड प्लेअर, पलंगावर दोघी-तिघी मैत्रिणी आणि न संपणाऱ्या गप्पा. अभ्यासकांमध्ये याला ‘बेडरूम कल्चर’ असं नाव पडलं. आपण खोलीसंस्कृती म्हणू.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की खोली ही त्या मुलींची पहिली पसंती नव्हती. बाहेर जागा नव्हती म्हणून त्या आत वळल्या. आज मुलगेही आत वळलेत, आणि कारण फारसं वेगळं नाही. रस्त्यावर रहदारी, मैदानाला कुंपण, संध्याकाळी शिकवणी, आणि आपल्या मनात कायमची धास्ती. आपणच त्यांना बाहेर सोडायला घाबरतो, आणि आत बसून राहतात म्हणून रागावतोही आपणच.

## रंगपट लागतोच

नाटक बघताना आपल्याला रंगमंच दिसतो, रंगपट दिसत नाही. रंगपटात राजा मुकुट काढून घाम पुसतो, नायिका चपला भिरकावते, दोघं मिळून दिग्दर्शकाची नक्कल करतात, अडखळलेलं वाक्य पुन्हा घोकतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात मांडलं की आपलं रोजचं वागणंही असंच चालतं. चारचौघांत आपण भूमिका वठवतो आणि आडोशाला ती उतरवून ठेवतो. आडोसाच मिळाला नाही तर पुढच्या अंकाला उभं राहायचं त्राण उरत नाही.

प्रौढांना हे फार जाणवत नाही, कारण आपली भूमिका पाठ झालेली असते. चौदाव्या वर्षी रोज नवी संहिता हातात येते. आवाज फुटलाय, हातपाय लांब झालेत, परवापर्यंत आवडणारा विनोद आज बालिश वाटतो. त्यात डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये वर्णन केलेला ‘काल्पनिक प्रेक्षक’ डोक्यात बसलेला असतो. म्हणजे सगळं जग आपल्याकडेच टक लावून बघतंय ही भावना. नाकावरची पुटकुळी वर्गातल्या कुणाच्या खिजगणतीतही नसते, पण पुटकुळीवाल्याच्या मते आज शाळेत दुसरा विषयच नसतो.

हे निव्वळ मनाचे खेळ नव्हेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी संशोधक लीआ सोमरव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते बावीस वर्षांच्या मुलामाणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून सांगितलं, की आता कॅमेरा चालू झालाय आणि तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला बघतंय. प्रत्यक्षात कुणी बघत नव्हतं. तरी त्या नुसत्या कल्पनेनं शरीराची होणारी चलबिचल, त्वचेला सुटणारा बारीक घाम, किशोरवयात सर्वात जास्त आढळला. शाळेत सहा-सात तास असा अदृश्य कॅमेरा अंगावर वागवून आलेलं मूल घरी येतं आणि दार लावून घेतं. ते तुमच्यावर रुसलेलंच असतं असं नाही. बरेचदा ते फक्त मुकुट काढत असतं.

अमेरिकेत रीड लार्सन आणि सहकाऱ्यांनी मुलांना पेजर दिले होते. तो दिवसात कधीही वाजायचा आणि मुलानं लिहायचं: आत्ता कुठे आहे, कुणाबरोबर आहे, कसं वाटतंय. १९९६ च्या त्यांच्या अहवालानुसार दहा ते अठरा या वयांत कुटुंबासोबत जाणारा वेळ जागेपणीच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. हा आकडा वाचून पालकांचा चेहरा पडतो. पण त्याच अभ्यासातली दुसरी नोंद सहसा कुणी सांगत नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाबरोबर, दोघंच असताना जाणारा वेळ या वर्षांत घटला नव्हता. मूल घोळक्यातून उठून गेलं होतं, माणसांमधून नव्हे. लार्सन यांनाच १९९७ मध्ये असंही दिसलं की मोठ्या इयत्तांमधली जी मुलं मध्यम प्रमाणात एकटी राहत, ती अजिबात एकटी न राहणाऱ्या किंवा सतत एकटी राहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सावरलेली होती. एकटेपणातून बाहेर आल्यावर त्यांचा मूडही सुधारलेला असे.

लार्सन यांचं हे सारं संशोधन खिशात फोन यायच्या आधीचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

## आत चालतं काय

विचारलं तर ‘काही नाही’ असं उत्तर येतं आणि बरेचदा तेच खरं असतं. दोन मैत्रिणी दीड तास व्हिडिओ कॉलवर असतात आणि त्यातला तासभर कुणीच बोलत नाही. एक नखं रंगवते, दुसरी वही शोधते. मोठ्यांना हा डेटाचा अपव्यय वाटतो. पण शेजारी-शेजारी बसून काहीच न करणं हा मैत्रीचा जुनाच प्रकार आहे. पूर्वी त्यासाठी कट्टा लागायचा.

काही नाही याच्या पलीकडे जे चालतं ते मात्र चांगलंच गुंतागुंतीचं असतं. एका मुलाचा ‘हो’ एवढाच मेसेज येतो. त्याचा फोटो काढून तो तीन जणांना पाठवला जातो. याचा अर्थ काय? पूर्णविराम का दिलाय? रागावलाय का? मग तिघं मिळून उत्तराचा मसुदा तयार करतात. एखादा शब्द कापला जातो, इमोजी बदलतो, पाठवायची वेळही ठरते, कारण लगेच पाठवलं तर आपण वाटच बघत होतो असं दिसेल. राजनैतिक खलित्यांवरही इतकी मेहनत होत असेल असं वाटत नाही.

मग ग्रुप. सहा जणांचा एक ग्रुप असतो, आणि त्यातल्या सहाव्याला वगळून पाच जणांचा दुसरा. सहाव्याच्या वाढदिवसाचं गुपित ठरवायला तो काढलेला असतो किंवा सहाव्याला वाळीत टाकायला, आणि नावावरून काहीच कळत नाही. खातीही दोन-दोन. एक नातेवाइकांना दाखवायचं नीटनेटकं, दुसरं मोजक्या मित्रांसाठी, जिथे केस विस्कटलेले फोटो जातात. मुलग्यांचं बोलणं पुष्कळदा खेळाच्या आडून होतं. कानाला हेडसेट, समोर गोळीबार, आणि मधेच कुणीतरी सहज बोलल्यासारखं सांगतं, "माझे आईबाबा वेगळे होताहेत." पलीकडून थोडा वेळ काही येत नाही. मग, "बेकार यार. डावीकडून कव्हर दे." यात सांत्वन झालं हे बाहेर उभ्या माणसाला कळणार नाही, पण झालेलं असतं.

मुलं उघड्यावर लपायलाही शिकलेली असतात. अमेरिकी अभ्यासक डॅना बॉईड यांनी अनेक वर्षं किशोरवयीन मुलांशी बोलून याची नोंद केली. सगळ्यांना दिसेल अशा जागी एखादी ओळ लिहायची, जिचा खरा अर्थ फक्त चार मित्रांना कळेल. आईला वाटतं, छान, आनंदात दिसतेय. मैत्रिणींना कळतं की आज काहीतरी बिनसलंय आणि फोन सुरू होतात. दार सताड उघडं ठेवून खासगी राहण्याची ही युक्ती आहे, आणि मला तिचं कौतुक वाटतं. शाळेत असताना मी रोजनिशी उलट्या अक्षरांत लिहायचे. पुढे ती मलाच वाचता आली नाही.

या जवळिकीला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये एका सवयीकडे बोट दाखवलं. तिला आपण ‘जोडीनं रवंथ’ म्हणू. एकच दुःख दोघींनी मिळून पुन्हा पुन्हा चघळायचं, तो असं का म्हणाला, ती तशी का वागली, उद्या काय होईल, आणि तोडगा कधीच काढायचा नाही. २००७ मधल्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात आढळलं की अशा रवंथामुळे मैत्री घट्ट होते, पण मुलींमध्ये त्यासोबत उदासी आणि चिंताही वाढते. मुलग्यांमध्ये मैत्रीचा फायदा दिसला, उदासी वाढलेली दिसली नाही. म्हणजे मुलीला एक अतिशय जिवलग मैत्रीण आहे, ती तिला सगळं सांगते, आणि तरीही तिची तब्येत खालावते आहे, असं होऊ शकतं. ‘मैत्रिणी आहेत ना, मग काळजी नाही’ हा हिशोब इथे चुकतो.

## दार एकाच बाजूनं लागतं

आता मघाची गोष्ट पुन्हा उचलू. पेजरच्या काळात मूल खोलीत गेलं की दाराबाहेर दोन जगं राहायची, घर आणि शाळा. मारामारी झाली, कुणी हसलं, कुणी पाठ फिरवली, तर त्यावर रात्रभराचा पडदा पडायचा. सकाळपर्यंत दोन्ही बाजू जरा निवलेल्या असायच्या. ही सक्तीची विश्रांती होती, आणि ती आहे हे कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

आज दार लागतं ते फक्त घराच्या बाजूनं. शाळेच्या बाजूला दारच नाही. वर्ग पलंगावर येऊन बसलेला असतो. आई-वडिलांपासून मुलांनी भरपूर खासगीपणा मिळवलाय, मित्रांपासूनचा मात्र गमावलाय. मेसेज वाचल्याची खूण दिसते, म्हणून उत्तर देणं भाग. शेवटचं कधी ऑनलाइन होतो तेही दिसतं, म्हणून झोपलो होतो ही थाप चालत नाही. मित्र नकाशावर ठिपक्यांसारखे दिसतात, आणि एका संध्याकाळी पाच ठिपके एकाच घरात गोळा झालेले दिसतात. आपल्याला बोलावलेलं नाही हे पूर्वी दोन दिवसांनी कळायचं, किंवा कधीच कळायचं नाही. आता ते घडत असताना, मिनिटामिनिटाला, अंथरुणात पडल्या-पडल्या बघता येतं.

गॉफमन यांच्या भाषेत सांगायचं तर रंगपटातच प्रेक्षक शिरलेत. म्हणून तर बॉईड यांना अशी मुलं भेटली होती, जी लॉग आउट करताना दर वेळी आपलं खातंच बंद करून ठेवत आणि परत येताना पुन्हा चालू करत. आपल्या पाठीमागे आपल्या फेसबुकच्या भिंतीवर कुणी काही लिहू नये म्हणून. खोलीतल्या खोलीत आणखी एक दार बसवण्याचीच ती धडपड होती.

झोपेचं गणितही इथेच फसतं. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे पोरं उशिरापर्यंत जागतात ती केवळ हट्टानं नव्हे. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. उशिरा येणारी झोप, लवकर भरणारी शाळा आणि मधे ‘मी आधी झोपले तर माझ्याबद्दल बोलतील’ ही भीती. फोन रात्री खोलीबाहेर ठेवायला सांगायचाच असेल, तर ‘तू बिघडशील’ हे कारण देऊ नका. सगळं खापर पालकांवर फोडायची मुभा द्या. "आई दहाला फोन काढून घेते, काय करू" हे वाक्य मित्रांपुढे अब्रू वाचवणारं असतं. कित्येक मुलांना ते हवंच असतं, फक्त मागता येत नाही.

## ‘पण आम्हाला कळायला नको?’

नको कसं, हवंच. प्रश्न असा आहे की कळतं कसं.

बरीच वर्षं असं मानलं जात होतं की ज्या पालकांचं मुलांवर लक्ष असतं त्यांची मुलं कमी वाहवतात. कुठे जातो, कुणाबरोबर असतो, पैसे कशावर खर्च करतो हे ज्यांना माहीत, त्यांच्या मुलांचं ठीक चालतं. आकडेही तसंच सांगत. २००० साली स्वीडनमध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास करताना एक उपप्रश्न टाकला: पालकांना हे माहीत कसं होतं? उत्तर उलथापालथ करणारं होतं. पहाऱ्यातून किंवा चौकश्यांतून फारसं काही कळलेलं नव्हतं. सर्वात जास्त माहिती आली होती ती मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे. ज्याला आपण ‘लक्ष ठेवणं’ म्हणत होतो, ते खरं तर मुलाचं ‘सांगणं’ होतं.

मग चोरून बघितलं तर? नेदरलँड्समध्ये स्कायलर हॉक आणि सहकाऱ्यांनी कुटुंबांचा काही काळ पाठपुरावा केला. मुलांना ज्या घरांत आपल्या खासगी गोष्टींत घुसखोरी होतेय असं वाटत होतं, तिथे त्यांची लपवाछपवी वाढली आणि पुढे वडिलांना असलेली माहिती कमी झाली. बी रुजलं का हे बघायला रोज माती उकरणाऱ्या माणसासारखं झालं हे.

मुलं सगळ्याच नियमांना विरोध करतात असंही नाही. ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मुलं आयुष्याची वाटणी करतात. दुसऱ्याला इजा करू नये, जिवाला धोका होईल असं करू नये, इथे पालकांनी बोलणं त्यांना मान्य असतं. मित्र कोण, केस कसे, खोलीत काय, वहीत काय, हा मात्र ‘माझा प्रांत’. भांडणं पेटतात ती या सीमेवर. आपल्याला विस्कटलेली खोली म्हणजे शिस्तीचा प्रश्न वाटतो, त्याला ती स्वतःची सही वाटते. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात, त्यामुळे हे भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि चालू राहील.

मुलाचा खासगीपणा ही पालकांची मेहेरबानी नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १६ त्यासाठीच आहे.

## ‘आणि आत खरोखरच धोका असेल तर?’

असू शकतो, आणि इथे मी उदारमतवादाचा आव आणणार नाही. बंद दाराआड अनोळखी प्रौढ समवयस्क असल्याचं भासवून मैत्री करतात. खासगी फोटो मिळवून पैशांसाठी धमकावणाऱ्या टोळ्या आहेत आणि त्यांचं लक्ष्य अनेकदा किशोरवयीन मुलगे असतात. फसलेलं मूल शरमेनं गप्प बसतं आणि त्या शरमेवरच टोळीचा धंदा चालतो. ‘आईबाबांना कळलं तर ते मला मारून टाकतील’ हे वाक्य मुलाच्या मनात जितकं पक्कं, तितकं धमकावणाऱ्याचं काम सोपं. म्हणून घडायच्या आधीच, काही बिनसलेलं नसताना, स्पष्ट सांगून ठेवायला हवं: कुणी असं धमकावलं तर चूक कितीही तुझी असली तरी आधी माझ्याकडे ये, पैसे देऊ नकोस, मेसेज पुसू नकोस, फोन काढून घेतला जाणार नाही. शेवटचा शब्द पाळायची तयारी असेल तरच द्या.

जिवाला धोका असल्याची खूण दिसली, स्वतःला इजा केल्याच्या खुणा, मरणाचं बोलणं, एखाद्या अनोळखी माणसाला भेटायचा बेत, तर दार उघडा, फोन तपासा, मदत बोलवा. तेव्हा खासगीपणाचा मुद्दा मागे पडतो. पण तपासणार असाल तर सांगून तपासा. लहान वयात जास्त देखरेख आणि वाढत्या वयाबरोबर ती सैल करत नेणं, तेही आधी ठरवून, हे मुलं बऱ्यापैकी स्वीकारतात. गुपचूप बसवलेलं हेरगिरीचं अ‍ॅप सापडतं त्या दिवशी मात्र तुम्ही माहितीचा उरलासुरला झराही बुजवलेला असतो.

फोनच काढून घेतला तर सगळं सुटेल का? २०१९ मध्ये अ‍ॅमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही आणि सरासरीच्या आकड्याखाली एखादं होरपळलेलं मूल झाकलं जाऊ शकतं. तरी एवढं नक्की की ‘किती तास’ या प्रश्नापेक्षा ‘कुणाबरोबर आणि काय’ या प्रश्नातून जास्त हाती लागतं.

## ‘आमचा तर खोलीतून बाहेरच येत नाही’

दार लागणं आणि माणूस हरवणं यांत फरक आहे. दाराआड हसू, भांडण, गाणं, खेळ, फोनवरची कुजबुज ऐकू येत असेल, जेवायला कुरकुरत का होईना येत असेल, शाळा आणि एखाददुसरा मित्र टिकून असेल, तर तो बहुधा आपलं काम करतोय.

आवाज बंद झाला की कान टवकारा. मित्रांचे फोन येईनासे झाले, आवडीचा खेळही सोडला, झोप आणि भूक उलटीपालटी झाली, अंघोळ टळू लागली, हे दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला हवं. टोकाचं उदाहरण जपानचं. तिथे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं घराबाहेर न पडणाऱ्या माणसांसाठी ‘हिकिकोमोरी’ हा शब्द रूढ झाला; मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांनी तो १९९८ मध्ये लोकांसमोर आणला. सहा महिन्यांहून अधिक काळ समाजापासून तुटणं ही त्याची ढोबळ कसोटी. किशोरवयीन मुलाचं दार लावणं याच्या जवळपासही नसतं. ते दार मित्रांकडे उघडतं, हिकिकोमोरीचं कुठेच उघडत नाही.

## ‘आमच्याकडे वेगळी खोलीच नाही’

पुष्कळ मुलांकडे नसते. खोलीसंस्कृती त्यांच्याकडेही असते, फक्त तिला भिंती नसतात. हेडफोन ही त्यांची भिंत. पांघरूण, जिन्याची पायरी, गच्ची, न्हाणीघरातली जास्तीची दहा मिनिटं, भावाकडे पाठ करून घेतलेली कूस, ही त्यांची दारं. अशा घरात कानात हेडफोन घातलेल्या मुलाला हाक मारून तो काढायला लावणं म्हणजे दार न वाजवता आत शिरणंच. एक कप्पा, ज्याला कुलूप आहे आणि ज्याची दुसरी किल्ली कुणाकडे नाही, एवढ्यावरही पुष्कळ भागतं.

राहिलं दार वाजवायचं. बहुतेक घरांत टकटक आणि दार ढकलणं एकाच झटक्यात होतं, बोटं लाकडाला टेकेपर्यंत निम्मं दार उघडलेलं असतं. मुलांच्या लेखी ती टकटक नव्हे, नुसती वर्दी. दार वाजवून पाचापर्यंत आकडे मोजा. आतून सरकासरकीचा आवाज येईल, काहीतरी उशीखाली जाईल, कुणाला तरी "थांब, आई आली" असं सांगितलं जाईल. मग "ये" असं ऐकू येईल. आत गेल्यावर पलंगाच्या कडेला बसा आणि काही विचारू नका.